जयवंताबाई बोलावण्याला गेल्या

डिसेंबरात रोहण्यात मरायलाही कोणाला सवड नसते. कापूस फुटून वावरं पांढरी झालेली, मजुरांवरून रोज कोणाच्या ना कोणाच्या दाराशी भांडण, आणि दव सुकलं की सगळं गाव कमरेला ओट्या बांधून शेतात. अशा ऐन वेच्याच्या दिवसांत, १९८२ साली, जयवंताबाई भोयर यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं की त्या नेपाळ, भूतान आणि बांगलादेश असं जाऊन येणार आहेत. एकट्या.

त्यांचा मुलगा चंद्रभान बशीतला चहा फुंकत होता, तो फुंकतच राहिला.

"माय, तू काय म्हणून राह्यली ते तुले तरी समजून राह्यलं का?" तो शेवटी म्हणाला. "इथं कापूस वेचाले माणूस भेटत नाई, अन् तू परदेशात चालली?"

"म्या कुठं म्हटलं कापूस नोको वेचू म्हणून? तू वेच ना बाप्पा. मले बोलावणं हाय."

"कोनाचं बोलावणं?"

"लय जणांचं."

सून प्रमिला चुलीपाशी होती. तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, उन्हाळ्यात गेलं तर नाई चालनार का?"

"नाई चालनार," जयवंताबाई म्हणाल्या, आणि काऊन ते सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. पोटातली गोष्ट ओठावर यायची म्हणजे तिला आधी अर्ज करावा लागे.

हे बोलावणं काय होतं ते आधी सांगायला हवं. जयवंताबाई सव्वीस वर्षांच्या असताना नवरा गेला, पदरात तीन वर्षांचा चंद्रभान. दिराच्या घरात मिंधं होऊन राहण्यापेक्षा त्यांनी वर्ध्याजवळच्या एका ग्रामसेवा केंद्रात स्वयंपाकाचं काम धरलं आणि सत्तावीस वर्षं सोडलं नाही. त्या केंद्रात सूतकताई, गोबर गॅस, गोपालन असलं शिकायला ठिकठिकाणची माणसं येत. सत्तरनंतर शेजारच्या देशांतलीही येऊ लागली. कोणी चार महिने राही, कोणी सहा. ती जयवंताबाईंच्या हातच्या भाकरी खात, त्यांना आई म्हणत, तिखटानं नाक पुसत, आणि जाताना वर्धा स्टेशनावर हमखास म्हणत, "आई, एक बार हमारे घर आना."

असं सगळेच म्हणतात. गाडी सुटताना माणूस काहीतरी म्हणतोच. केंद्रातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना हे कळत होतं. पण जयवंताबाई रोहण्याच्या. रोहण्यात कोणी 'येजो' म्हटलं आणि आपण गेलो नाही, तर तीन वर्षांनी लग्नमांडवात चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं की बोलावलं होतं, आली नाही, मोठी झाली आता. म्हणून त्यांनी एक शाळकरी वही केली होती आणि प्रत्येकाकडून त्याच्याच अक्षरात पत्ता लिहून घेतला होता. निवृत्त झाल्या त्या दिवशी वही घेऊन घरी आल्या आणि पासपोर्टचा अर्ज केला.

पासपोर्टाच्या चौकशीला आर्वीहून पोलीस आला तेव्हा गावानं कामं टाकून गर्दी केली. भोयरांच्या बाईनं केलं तरी काय, असा सगळ्यांच्या तोंडावर प्रश्न. पोलिसानं विचारलं, "परदेशात कोण नातेवाईक?" जयवंताबाईंनी वही पुढे केली. त्यानं चार पानं उलटली, चहा घेतला आणि बरा शेरा मारून गेला. त्याचे उपकार त्या पुढे कायम मानत राहिल्या. नाव मात्र विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट लागली. घरच्यांना वाटलं, हौसेनं पासपोर्ट काढला, जाणार कुठं आहे.

इतकंच असतं तर ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण वहीत एक पत्ता असा होता की त्याच्यासाठी बाकीचे सगळे पत्ते निमित्त होते.

मोतालेब बांगलादेशातल्या जेसोर जिल्ह्यातला, खाजुरा गावचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि हा पोरगेला, काटकुळा मास्तर १९७३ च्या पावसाळ्यात गोपालन शिकायला आला. शांत माणूस. जेवून उठताना रोज जयवंताबाईंना हात जोडायचा. केंद्राचा नियम असा की सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, आपलं ताट आपण घासायचं, जातपात दाराबाहेर. जयवंताबाईंनी हा नियम कधी मोडला नाही. वाढताना त्यांच्या मनात दुजाभाव नसे. पण त्या स्वतः पंगतीत बसत नसत. सगळ्यांचं झालं की आंघोळ करून आपल्या खोलीत, आपल्या हातचं, एकटीनं. केंद्राचे नियम केंद्रात आणि जयवंताबाईंचे त्यांच्या खोलीत.

जानेवारीत मोतालेब परत जायला निघाला. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या आईनं टपालानं गूळ पाठवला. खजुरीच्या रसाचा, तपकिरी, वास असा की सगळी कचेरी टपालवाल्याभोवती जमली. हा गूळ फक्त हिवाळ्यात होतो, थंडी सरली की संपला, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं चूल मागून घेतली, दूध आटवलं आणि सगळ्यांसाठी खीर केली. पहिली वाटी त्यानं जयवंताबाईंना आणून दिली. दोन्ही हातांनी.

"मंग खाईन, बाबू," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन खोलीकडे गेल्या.

खोलीपर्यंत गेल्याच नाहीत. मुसलमानाच्या हातची खीर. हात पुढे जाईना आणि फेकवेनाही. अन्न होतं. गोठ्यात कपिली गाय बांधलेली होती, तिच्या टोपल्यात त्यांनी वाटी ओतली. गाईनं चाटूनपुसून खाल्ली. मागे वळल्या तर विहिरीपाशी मोतालेब उभा, हातात बादली.

त्यानं बादली विहिरीत सोडली, पाणी भरलं, गेला. निघायच्या दिवशी वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "आई, हमारे घर आना."

आणि जयवंताबाईंची झोप गेली ती गेलीच. कधी चूल पेटवताना, कधी भाकरी थापताना एकच विचार टोचायचा. जे गाईला चाललं ते आपल्याला काऊन चाललं नाही? सहा महिने ज्या पोरानं आपल्या हातचं खाल्लं त्याच्या हातचा एक घास आपल्या घशाखाली उतरू नये? वर त्यानंच आपल्याला बोलवावं? नऊ वर्षं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ठरवलं मात्र होतं की जायचं, त्याच्या अंगणात बसायचं, झालं ते तोंडानं कबूल करायचं आणि त्याच्या घरची ती खीर खायची. ती हिवाळ्यातच होते, म्हणून हिवाळ्यातच जायचं. कापूस काय, दरवर्षी फुटतो.

भीती दोन गोष्टींची होती. नेपाळहून आणि भूतानहून पत्रांची उत्तरं आली होती, खाजुऱ्याहून आलं नव्हतं. माणूस तिथं आहे की नाही देव जाणे. आणि दुसरी भीती याहून मोठी. वाटी पुढे आली आणि हात पुन्हा थांबला तर?

म्हणून आधी नेपाळ, मग भूतान, मग बांगलादेश. आधी सोप्या घरी जेवून पाहायचं, असा त्यांचा हिशेब.

थंडीची त्यांची कल्पना रोहण्याची. म्हणजे सकाळी थोडी शेकोटी, दहा वाजता पदर डोक्यावरून खाली. एक लुगडं अंगावर, दोन पिशवीत, एक शाल, आणि डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या. चार गाड्या बदलून रक्सौलला उतरल्या तेव्हा दात वाजत होते. सीमेवर चहाच्या टपरीवाल्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि न विचारता आपल्या शेगडीपाशी पाट सरकवला. तासभर बसू दिलं. बाईला हिंदी येत नव्हती, यांना नेपाळी येत नव्हती. निघताना यांनी तिला डब्यातल्या चार पुऱ्या दिल्या, तिनं खाऊन तिखटानं टाळूला हात लावला आणि दोघी पोट धरून हसल्या.

हेटौंड्याजवळ हरिमायाचं घर. केंद्रात असताना भाकरी थापायला शिकलेली, बडबडी पोर. आता दोन लेकरांची आई. तिनं रस्त्यातच मिठी मारली, रडली, आणि यांना घरी नेलं. सत्तावीस वर्षांच्या सवयीनं जयवंताबाई पिशवी ठेवून, हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. पोरगी एकटी राबते, हातभार लावावा.

उंबऱ्यावर हरिमायाची सासू आडवी झाली. हात पसरून, काहीतरी मोठ्यानं बोलत. समजायला भाषा लागली नाही. परक्या जातीच्या बाईनं त्यांच्या चुलीपाशी जायचं नव्हतं. जयवंताबाईंचं ताट बाहेर ओसरीवर आलं.

त्या ओसरीवर बसल्या. कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी चुलीपासून दूर ठेवलं होतं, आणि त्या तर जन्मभर चुलीच्या मालकीण. भात पुढे होता, तो दिसेना. मग हरिमाया आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. मान खाली. "आई, बुरा मत मानना. बुढिया है."

"मी बी बुढियाच हाय," जयवंताबाई म्हणाल्या, आणि हरिमायाला त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही.

त्या म्हातारीवर त्यांनी राग धरला नाही. उलट पुढे सांगताना म्हणायच्या, तिनं मले जे शिकवलं ते केंद्रातल्या सत्तावीस वर्षांत कोणी शिकवलं नाई. मोतालेबला विहिरीपाशी कसं वाटलं असेल ते त्यांना ओसरीवर बसून नेमकं कळलं. तिसऱ्या दिवशी निघताना हरिमायानं स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर त्यांच्या अंगात घातला, लुगड्यावरून. म्हातारीही दारापर्यंत आली आणि वाटेसाठी भाजलेले मक्याचे दाणे पुड्यात बांधून दिले. जयवंताबाईंनी ते बसमध्ये एकेक करून खाल्ले.

पूर्वेकडे दोन दिवस बसचा प्रवास, मग पुन्हा हिंदुस्थानात, तिथून भूतानच्या वेशीवरचं फुन्छोलिंग. दोर्जी फाटकापाशीच उभा होता. जयवंताबाईंच्या भाजीला फिकी म्हणणारा सगळ्या केंद्रात हा एकटा. त्या काळी त्याच्यासाठी वेगळी मिरची वाटावी लागे. आता तो कचेरीत कारकून होता, एकटाच राहत होता आणि आईला काय वाढू, काय नको असं त्याला झालं होतं.

त्यानं मिरच्यांची भाजी केली. भाजीत मिरच्या नव्हे, नुसत्या मिरच्यांचीच भाजी, वर खारं चीज विरघळवलेलं. "मांस-मच्छी कुछ नहीं आई, कसम से." आपल्या हातानं शिजवून, आपल्या हातानं वाढून तो समोर बसला. इथं जयवंताबाईंचा हात क्षणभर थांबला. त्याची जात काय, धर्म काय, भांड्यात आधी काय शिजलं असेल, सगळं झरझर मनात आलं. मग ओसरी आठवली. घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून, नाकातून, कानांतून पाणी आलं. भिवापुरी मिरचीवर पोसलेल्या बाईनं हात टेकले.

"आई, रोती काहे को?"

"तुझी मिरची जिंकली रे बाबू," त्या म्हणाल्या. पण सगळं रडणं काही मिरचीचं नव्हतं.

कलकत्त्यात बांगलादेशाच्या व्हिसासाठी तीन दिवस रांगेत उभं राहावं लागलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, जायचं कारण काय? जयवंताबाईंना खोटं सुचलं नाही. "खीर खानी है," त्या म्हणाल्या. त्यानं चष्मा वर करून पाहिलं, रांगेतले लोक हसले, आणि त्यानंही हसत शिक्का मारला. हाही एक देवमाणूसच, त्या मनात म्हणाल्या.

सीमा पायी ओलांडली. जेसोरपर्यंत बस, पुढे तीनचाकी सायकलगाडी. सकाळचं धुकं होतं. दोन्ही बाजूंना खजुरीची झाडं, प्रत्येकाच्या गळ्यात मडकं अडकवलेलं, आणि घराघरांपुढे मोठ्या चुलाणांवर रस उकळत होता. वास आला. नऊ वर्षांपूर्वीचा, तोच वास. गाडीवाल्याला मोतालेब मास्तराचं नाव सांगितलं तर त्यानं मान डोलावली. म्हणजे माणूस होता. त्यांनी पदराखाली हात जोडले.

मोतालेब अंगणात गाईचं दूध काढत होता. केस विरळ झाले होते, अंग भरलं होतं. त्यानं वर पाहिलं, आणि चरवी तशीच हातात घेऊन उभा राहिला. स्वेटरावरून शाल घेतलेली, नऊवारीतली म्हातारी त्याच्या फाटकात उभी होती.

"आई?"

"तूने बुलाया था ना," जयवंताबाई म्हणाल्या. "आने में देर हो गई."

उत्तर पाठवलं होतं म्हणाला, पण केंद्राच्या पत्त्यावर. ते तिकडेच कुठंतरी पडलं असणार. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, आणि घरातून त्याची आई आली. कमरेत वाकलेली, डोळ्यांत फूल पडलेलं. जयवंताबाईंच्या तोंडावरून तिनं हात फिरवला, जसं आंधळं माणूस ओळख करून घेतं तसं, आणि बंगालीत काहीबाही बोलत आत गेली. दूध आटेस्तोवर बाहेर आली नाही; आली ती वाटी घेऊन. खीर वाफाळत होती. म्हातारीनं वाटी पुढे केली आणि हसून मोतालेबला काहीतरी सांगितलं.

मोतालेब चरवी उचलून बाजूला ठेवू लागला.

"काय म्हणते?" जयवंताबाईंनी विचारलं.

"कुछ नहीं आई. पुराना बात."

म्हातारीनं त्याच्या पाठीत चापट मारली. सांग की. मोतालेब जमिनीकडे पाहत एकेक शब्द जुळवू लागला. "माँ बोलती है... उस साल उसका गुड़ तुमको बहुत अच्छा लगा था. तुमने दो कटोरी खाया था. कटोरी पोंछके खाया था. मैं चिट्ठी में लिखा था. माँ सारा गाँव को वो चिट्ठी पढ़वाके सुनाया."

जयवंताबाईंनी वाटी हातात घेतली. वाटेत चार गाड्या, सात बस, तीन सीमा, आणि सगळीकडे त्यांनी घोकून ठेवलेलं एकच वाक्य. ते आता म्हणायचं होतं.

"मोतालेब, मैंने वो खीर गाय को डाली थी. तूने देखा था."

"देखा था, आई."

"मग झूठ काहे को लिखा?"

"माँ चार कोस पैदल जाके डाकखाने में पार्सल डाला था," तो म्हणाला. "उसको क्या लिखता?"

 जयवंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. "सच बता उसको," त्या म्हणाल्या. "मैं उसीके वास्ते आई. सांग तिले."

मोतालेब आईकडे वळला आणि बंगालीत बोलला. दोन-तीन वाक्यं असतील. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं जयवंताबाईंचे दोन्ही गाल हातात धरले, कपाळाला कपाळ टेकवलं आणि हसू लागली.

"क्या बोला तूने?" जयवंताबाई दरडावून म्हणाल्या.

"बोला, आई इतना दूर से तुम्हारा हाथ का खीर खाने आया है."

"ये सच नहीं."

"ये तो सच है, आई," मोतालेब म्हणाला.

जयवंताबाई क्षमा मागायला आल्या होत्या, आणि ती नऊ वर्षांपूर्वीच, न मागता, टपालानं इथं येऊन पडली होती. त्यांनी वाटीत बोटं घातली. घास उचलला. हात थांबला नाही. खीर गरम होती, तिला धुराचा किंचित वास होता, आणि गोडी अशी की थेट घशापाशी जाऊन बसली. म्हातारी समोर उकिडवी बसून, काही दिसत नसतानाही त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

वाटी रिकामी झाली. जयवंताबाईंनी ती बोटानं पुसून घेतली, बोट चाटलं, आणि वाटी पुन्हा म्हातारीच्या हातात दिली.

"माय," त्या म्हणाल्या, "अजून वाढ."